टीसीएलवर घेतलेला आळ

एप्रिलमधली सोमवारची सकाळ, सव्वासहा वाजले असतील. हॉलमधला लाइट लावला आणि फिशटँककडे बघितलं तर आधी वाटलं की रात्री कोणीतरी खाणं जास्त टाकलंय, ते तसंच वर तरंगतंय. चष्मा नव्हता. चष्मा लावून परत गेले तर ते खाणं नव्हतं, निऑन टेट्रा होते. निऑनच्या अंगावर ती निळी चमकती रेघ असते ना, तिच्यासाठीच तर माणूस हा मासा आणतो, ती विझलेली होती, नुसते राखाडी कागदाचे कपटे तरंगतायत असं दिसत होतं. एक एंजल तळाशी आडवा, दुसरा फिल्टरच्या तोंडाला ओढला जाऊन चिकटलेला. तीन गपी पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून भराभर हवा गिळत होते. सकर मासा काचेला चिकटून होता पण त्याचे कल्ले इतक्या जोरात हलत होते की बघवत नव्हतं.

मोजले. आठ निऑन, दोन एंजल, एक गपी. अकरा.

पोरीची शाळा सातला. ती उठायच्या आत जाळीने सगळे काढून एका वाटीत ठेवले, वाटीवर ताटली झाकली, आणि ओट्याशी उभ्याउभ्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तो इथे जसाच्या तसा देत नाही, लाज वाटते. सारांश असा की शुक्रवारी सोसायटीची पाण्याची टाकी धुतली तेव्हा टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, किती टाकली याचा काही हिशोब आहे का, आमचे अकरा मासे रात्रीत मेले, उद्या लहान मुलांना काही झालं तर जबाबदार कोण, सेक्रेटरींनी लेखी उत्तर द्यावं. शेवटी दोन उद्गारचिन्हं. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत, त्यातल्या एकोणीस जणांनी तो मेसेज सातच्या आत वाचला होता. बारा नंबरवाल्यांनी लगेच लिहिलं की आमचेही केस गळतायत.

माझं म्हणणं मला तेव्हा शंभर टक्के बरोबर वाटत होतं कारण मी आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, टँकचं निम्मं पाणी बदललं होतं आणि ते पाणी टाकी धुतल्यानंतरचं होतं. त्याआधी सगळे मासे ठणठणीत. पाणी बदललं, मासे मेले. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता थोडं मागे जाते.

टँक दिवाळीत आला. दोन फूट बाय एक बाय एक, वाळू आणि दगड जाऊन पन्नास लिटर पाणी राहतं. हट्ट पोरीचा होता असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं तर माझाच, शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय बघितलं तेव्हापासूनचा. दुकानदाराने टँक, फिल्टर, मासे सगळं एकाच दिवशी गाडीत घालून दिलं आणि पहिल्या आठवड्यात चार मासे गेले. मग ते सगळं वाचन झालं जे प्रत्येक टँकवाल्याचं मासे मेल्यावरच होतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया, तो अमोनिया खाऊन त्याचा नायट्राइट करणारे एक बॅक्टेरिया, नायट्राइटचा नायट्रेट करणारे दुसरे, आणि हे सगळं बिऱ्हाड फिल्टरच्या स्पंजात जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे स्वतःच्याच घाणीत. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे बॅक्टेरिया १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले होते, म्हणजे ही काही नवी भानगड नाही, पण नव्या टँकबरोबर हे कोणी सांगत नाही. दुकानदाराने सांगितलं, निळी दवा टाका. निळी दवा म्हणजे मेथिलिन ब्लू, तिने हे बॅक्टेरियाच मरतात, ते सोडा.

तर मी कधी नव्हे ते शहाण्यासारखं वागले. टेस्ट किट मागवलं, स्पंज नळाखाली धुवायचा बंद केला, टँकच्याच पाण्यात पिळायला लागले, खाणं कमी केलं. डिसेंबरात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाणी असं काचेसारखं की पाहुणे म्हणायचे आत पाणी आहे की नाही. किट मग वरच्या कपाटात गेलं, आणि दुकानदाराच्या भरवशावर निऑन आणि एंजल असे दोन्ही आणले. एंजल मोठे झाले की निऑन खातात हे मला नंतर कळलं, आता ती वेळ येणार नाही.

आणि याच सुमारास आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं की माशांना नळाचं पाणी का घालतेस गं, आपण पितो तेच घाल की. निऑन मूळचे अमेझॉनच्या मऊ पाण्यातले हे मीही वाचलं होतंच, त्यामुळे मला ते एकदम पटलं. दर रविवारी दहा-अकरा लिटर पाणी काढायचं आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं दहा-अकरा लिटर घालायचं. आरओच्या सर्व्हिसला येणारा मुलगा त्याचं ते पेनासारखं मीटर बुडवून दाखवायचा, मॅडम टीडीएस अठ्ठावीस, एकदम प्युअर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मला माशांच्या वतीने अभिमान वाटायचा.

एक गोष्ट तेव्हा बघितली होती आणि सोडून दिली होती. झाडांबरोबर टँकमध्ये बारक्या गोगलगायी आल्या होत्या, त्यांची कवचं आधी तपकिरी, गुळगुळीत. फेब्रुवारीत बघितलं तर कवचांचं मधलं टोक पांढरं पडलेलं, खडूसारखं, काहींना तर बारीक खड्डे. पोरगी म्हणाली, मम्मा यांचे केस पांढरे झाले. आम्ही हसलो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून भाचा पिवळाधमक होऊन आला आणि तसाच टँकमध्ये हात घालायला निघाला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या रंगाची मला काळजी, आणि गोगलगायींच्या पांढऱ्या केसांची गंमत.

मग एप्रिलमध्ये आरओ बिघडला. पंप गेला, पार्ट यायला आठ दिवस. तोवर प्यायला जार आणायचे, माशांसाठी कोण आणणार. दोन रविवार पाणी बदलायचं राहिलं म्हणून तिसऱ्याला म्हटलं एकदम निम्मं बदलू. उन्हाळ्यात आमच्याकडे वापराच्या नळाला बोरचंच पाणी जास्त असतं, पालिकेचं नावाला. पण मी नियम पाळले होते! शुक्रवारी रात्री पिंप भरलं, त्यात बुडबुडे काढणारा हवेचा दगड सोडून रविवारपर्यंत चालू ठेवलं म्हणजे क्लोरीन उडून जातो, वर हायपोचे चार खडे टाकले. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला असायचं तेच. इतकं करूनही मासे मेले म्हटल्यावर टीसीएल प्रचंडच असणार, नाही का.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. समोरचे काका. ते सातपूरला एका कंपनीत ईटीपीवर होते, रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली. ईटीपी म्हणजे कंपनीचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. एरवी त्यांचा विषय गुडघे आणि नातू. त्या दिवशी हातात कापडी पिशवी.

"मेसेज वाचला तुझा. पिंपातलं पाणी उरलंय का?"

उरलं होतं, निम्मं पिंप. त्यांनी पिशवीतून एक काचेची नळी आणि ओटीची बाटली काढली. ओटी टेस्ट गावाकडे पाणीपुरवठ्याचा माणूस करतो तीच, पाण्यात क्लोरीन असेल तर थेंब टाकले की पिवळं होतं. आधी नळाचं डायरेक्ट पाणी घेतलं, फिकट पिवळं. मग पिंपातलं. काही नाही. पांढऱ्या भिंतीसमोर धरलं, ट्यूबलाइटखाली धरलं. काही म्हणजे काही नाही.

"टीसीएल सुटली," काका म्हणाले. "आता टँकमधून काढलेलं जुनं पाणी कुठे टाकलंस?"

मी ते टाकत नाही, झाडांना घालते. दोन बादल्यांपैकी एक जास्वंदीला गेली होती, दुसरी बाल्कनीत तशीच होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या आळसाचा कोणाला उपयोग झाला. वरच्या कपाटातून किट काढलं, पोरगी स्टुलावर चढून बसली, आणि डायनिंग टेबलवर आईंच्या नाकासमोर आमची लॅब सुरू झाली.

पीएच पेपरची बारकी वही काकांच्या खिशात असतेच, अजूनही, माणसं पेन ठेवतात तशी. पीएच म्हणजे पाणी किती आंबट याचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. पिंपातलं पाणी आठ. बादलीतलं जुनं पाणी सहा, कदाचित सहाच्याही खाली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, सहा आणि आठमध्ये फरक किती? मी म्हटलं दोन. शंभर पट, म्हणाले, एकेक आकडा दहा पटीचा असतो. ही पीएचची मोजणी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या एका बिअर कंपनीच्या लॅबमध्ये सोरेनसेन नावाच्या माणसाने काढली, हे काकांना पाठ, आणि ते सांगताना आईंकडे बघून बिअर शब्द जरा हळू म्हणाले.

मग अमोनिया. नळीत बादलीचं पाणी, दोन बाटल्यांचे थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर लिंबाच्या सरबतासारखं पिवळं राहतं. इथे दोन मिनिटांतच हिरवं व्हायला लागलं, आणि होतच गेलं, पोपटी, मग पानासारखं, मग अगदी बाटलीसारखं गडद. तक्त्यातला शेवटचा रंग, आठ पीपीएम, म्हणजे लिटरला आठ मिलिग्रॅम. डिसेंबरात शून्य होता! मी म्हटलं किट खराब झालंय. काकांनी पिंपाचं पाणी लावलं, ते पिवळंच राहिलं.

पण मग इतक्या अमोनियात मासे रविवारपर्यंत जिवंत कसे?

काका या प्रश्नाचीच वाट बघत असावेत. त्यांनी किटमधली केएचची बाटली उचलली, ही मी कधी उघडलीसुद्धा नव्हती, सील तसंच होतं. केएच म्हणजे पाण्यातली बायकार्बोनेटची शिल्लक, ईटीपीवाले अल्कलिनिटी म्हणतात. नळीत पाच मिली पाणी घ्यायचं आणि थेंब मोजत टाकायचे, पहिल्यांदा निळं होतं आणि ज्या थेंबाला पिवळं होईल तो आकडा. पिंपाचं पाणी पोरीने मोजलं, एक, दोन, सहा, दहा, निळं ते निळंच, चौदाव्या थेंबाला पिवळं. मग बादलीचं. एक थेंब टाकला आणि ते निळं झालंच नाही. पहिल्याच थेंबाला पिवळं.

"खातं रिकामं," काका म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनिया खातात तेव्हा आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निस्तरायला सात मिलिग्रॅमच्या वर अल्कलिनिटी खर्ची पडते, ईटीपीत म्हणून सोडा नाहीतर चुना घालत राहावं लागतं नाहीतर बग्स बसतात, बॅक्टेरियांना ते बग्सच म्हणतात. नळाच्या पाण्याने ही शिल्लक दर आठवड्याला थोडी थोडी भरली जाते. मी दर आठवड्याला आरओचं पाणी घालत होते, ज्यात ही शिल्लक जवळपास नसतेच, मशीनचं कामच ते आहे. म्हणजे खर्च चालू, जमा बंद, वर जुनी शिल्लक बादलीने बाहेर. पाच महिन्यांत केएच संपला, पीएच घसरत सहावर आला, आणि तिथे बॅक्टेरियांनी काम जवळजवळ थांबवलं. गोगलगायींची कवचं म्हणजे चुनाच, ती त्या आंबट पाण्यात विरघळत होती. केस पांढरे.

आणि अमोनिया साठत गेला. पण, आणि इथे मला खरंच खुर्चीत बसावं लागलं, आंबट पाण्यात अमोनिया अमोनिया राहत नाही, अमोनियम होतो. अमोनियम माशांना फारसा बाधत नाही. आमच्या एप्रिलच्या हॉलमध्ये पाणी अठ्ठावीस डिग्री असतं, त्या तापमानाला पीएच सहा असेल तर हजारातला एक भागही विषारी अमोनिया नसतो. पीएच आठ झाला की शंभरातले सहा-सात. काका म्हणाले, तडीपार गुंड शहराबाहेर बसलेला होता, काही करत नव्हता, तू चौदा केएचचं पाणी ओतून त्याची तडीपारी उठवलीस. निम्मं पाणी काढल्यावर आठाचा चार राहिला, त्याचे सहा-सात टक्के म्हणजे लिटरला पाव मिलिग्रॅम. आकडा दिसायला काहीच नाही, कल्ले जाळायला पुरेसा. शिवाय एका तासात सहाचा आठ झाल्याचा झटका वेगळा.

म्हणजे मी पाणी बदललं नसतं तर सोमवारी मासे जिवंत असते. आणि तरी बदललेल्या पाण्यात काही दोष नव्हता. बोरचं पाणी बिचारं जसं असतं तसं होतं, नाशिकच्या काळ्या खडकातून आलेलं, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं, पण विष नाही. विष आधीपासून आत होतं आणि ते मी जमवलेलं होतं, प्रेमाने, अठ्ठावीस टीडीएसच्या पाण्यात.

आई इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, मग आपण पितो ते? काका हसले, म्हणाले वहिनी आपण भाजीभाकरी खातो, माशाला पाण्यातूनच सगळं. माशाचं पाणी म्हणजे आपलं प्यायचं पाणी नाही, आपली हवा आणि आपला संडास दोन्ही एकत्र. आईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांना पटलं असावं, कारण नंतर त्यांनी आरओचा विषय काढला नाही.

पुढचं फार रंजक नाही. त्या रात्रीच तीन गपी आणि सकरला पिंपाच्या ताज्या पाण्यात टबमध्ये काढलं, हवेचा दगड सोडला, खाणं दोन दिवस बंद. तो पीएच आता त्यांना नवीन नव्हता, आणि गपींना तसंही कडक पाणीच आवडतं, सकाळपर्यंत तिघे खाली उतरून फिरायला लागले. सकरने तीन दिवस घेतले. टँकचं पाणी दोनदा पूर्ण काढलं, स्पंज ठेवला. काकांनी फिल्टरच्या पेटीत टाकायला शिंपल्यांची चुरी आणायला सांगितली, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती, खाद्याच्या दुकानात किलोने मिळते आणि टँकच्या दुकानात तीच छान पाकिटात महाग मिळते. मूठभर चुरी जुन्या मोज्यात बांधून पेटीत. पाणी आंबट व्हायला लागलं की ती थोडी थोडी विरघळते आणि केएच सांभाळते. घाईच असेल तर खायचा सोडा, पन्नास लिटरला एक चमचा म्हणजे केएच साधारण चारने वर जातो, पण रोगी असलेल्या टँकमध्ये तो एकदम टाकायचा नाही, कारण आत अमोनियम बसलेला असेल तर तोच प्रकार परत.

आणि आता पालिकेच्या पाण्याचीही टेस्ट करते. ज्या दिवशी बोर मिसळलेलं नसतं, नुसतं गंगापूर धरणाचं असतं, त्या दिवशी पाच थेंब. काका म्हणतात पावसाळ्यात बघ, गाळ आला की तुरटी जास्त घालतात आणि तुरटीही अल्कलिनिटी खाते, अजून एखादा थेंब कमी होईल. गोदावरी १९६५ पासून त्या धरणात अडते आणि मी जन्मापासून ते पाणी पिते, पण त्याच्याबद्दल मला माहिती असलेली एकमेव गोष्ट म्हणजे ते येण्याची वेळ. आता फ्रिजच्या दारावर एक कागद आहे, तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच, थेंब. थेंबाचा रकाना पोरगी भरते, तिच्या अक्षरात. अमोनिया शून्यावर यायला पाच आठवडे लागले, नवीन मासे अजून आणले नाहीत. मेलेले अकरा जास्वंदीच्या कुंडीत पुरले, पोरीने वर शिंपला ठेवलाय.

राहता राहिला ग्रुप. दोन दिवस मी मेसेज टाइप करून पुसत होते. डिलीट फॉर एव्हरीवनची वेळ गेली होती, आणि दरम्यान बारा नंबरवाल्यांच्या केसांवरून सेक्रेटरींना टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट लॅबमधून काढून आणावा लागला होता, सोसायटीच्या पैशाने, आणि रिपोर्ट अर्थातच चांगला आला. बुधवारी रात्री लिहिलं, "मासे टाकीच्या पाण्यामुळे किंवा टीसीएलमुळे मेले नाहीत. टँकमध्ये माझ्याकडून चूक झाली होती. सेक्रेटरी साहेबांना विनाकारण बोलले, सॉरी." टीसीएलची माफीही मागावी असं एकदा वाटलं होतं.

तीन जणांनी हात जोडलेले पाठवले. बारा नंबरवाल्यांनी विचारलं, मग केसांचं काय? सेक्रेटरींचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.

"ओके मॅडम. तुमचा एप्रिलचा मेंटेनन्स बाकी आहे."